२.४ वर चिकटलेली उपकरणं ५ गिगाहर्ट्झवर कशी आणायची: चिऱ्याच्या घरांसाठी सविस्तर उत्तर

डिचोलीहून एका शिक्षिकेनं विचारलं आहे. घर जुनं, चिऱ्याचं (जांभ्या दगडाचं). फायबर २०० एमबीपीएसचं, राउटर दोन्ही बँडचा, म्हणजे वाय-फायच्या २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ या दोन्ही लहरपट्ट्यांवर चालणारा. राउटरजवळ बसून मुद्दाम ५ गिगाहर्ट्झला जोडलं की पूर्ण वेग मिळतो. पण एरवी बघावं तेव्हा फोन, लॅपटॉप आणि टीव्ही २.४ वर सापडतात आणि वेग ३०-३५ च्या वर जात नाही. पावसाळ्यात तर रोजचंच. उपकरणांनी ५ गिगाहर्ट्झच धरावं असं राउटरला कसं सांगायचं?

फोंडा, डिचोली आणि तिसवाडी भागातल्या घरांत नेटवर्क बसवण्याचं काम मी बरीच वर्षं करतो आहे, आणि हा प्रश्न महिन्यातून चार-पाच वेळा तरी कानावर येतो. तुमच्या प्रश्नातलं पावसाळ्याचं वाक्य फार मोलाचं आहे. निम्मं उत्तर त्यातच आहे, त्याकडे येतोच.

आधी एक गैरसमज दूर करू. कुठला बँड धरायचा हे राउटर ठरवत नाही, फोन ठरवतो. राउटर सेकंदाला साधारण दहा वेळा दोन्ही बँडवर आपलं नाव पुकारत असतो. ते ऐकून, कुठला सिग्नल किती जोरात येतोय हे पाहून, फोन स्वतःच्या नियमानं एक निवडतो. नियम प्रत्येक कंपनीचे वेगळे. राउटरच्या हातात एवढंच की तो एका बँडवर गप्प राहू शकतो किंवा 'तिकडे जा' अशी विनंती करू शकतो. म्हणून सगळा प्रयत्न असा करायचा की फोनला ५ गिगाहर्ट्झच चांगलं दिसलं पाहिजे, आणि ते खरोखर चांगलं असलंही पाहिजे.

२.४ जास्त जोरात का दिसतं? ताकद सारखी असली तरी मोकळ्या जागेतसुद्धा ५ गिगाहर्ट्झ साधारण ७ डेसिबलनं कमी पोचतं. मध्ये भिंत आली की हा फरक आणखी वाढतो. सिग्नलचा आकडा उणे डीबीएममध्ये असतो आणि तो शून्याच्या जितका जवळ तितका चांगला. उणे ५० म्हणजे उत्तम, उणे ६५ पर्यंत व्हिडिओ कॉल निर्धास्त चालतो, उणे ७५ च्या पलीकडे रडकथा सुरू होते.

दुसरं कारण जास्त महत्त्वाचं. एकदा जोडलेला फोन उगाच दुसरीकडे जात नाही. ॲपलनं आपले आकडे जाहीर केलेले आहेत: चालू जोडणीचा सिग्नल उणे ७० च्या खाली गेला तरच आयफोन दुसरं ठिकाण शोधायला लागतो, आणि मॅक तर उणे ७५ पर्यंत थांबतो. म्हणजे तुमचा आयफोन २.४ वर उणे ५० नं जोडला गेला असेल, तर शेजारी ५ गिगाहर्ट्झ कितीही छान असलं तरी त्याला ते शोधायचं कारणच नाही. बहुतेक अँड्रॉइड फोनही याच स्वभावाचे, फक्त त्यांचे आकडे कंपनीगणिक बदलतात.

आता पावसाळा. आपल्याकडे जूनपासून दिवसातून चार वेळा लाईट जाते-येते. लाईट आली की राउटर चालू होतो आणि २.४ लगेच बोलायला लागतं. ५ गिगाहर्ट्झचं तसं नाही. ५२५० ते ५३५० आणि ५४७० ते ५७२५ मेगाहर्ट्झ हे पट्टे रडारही वापरतात. म्हणून या पट्ट्यांतलं चॅनल (बँडमधला एक क्रमांकाचा कप्पा), म्हणजे ५२ ते १४४ यांपैकी एखादं लागलेलं असेल, तर राउटरला आधी किमान ६० सेकंद नुसतं ऐकावं लागतं. रडार नाही अशी खात्री झाल्यावरच तो बोलतो. तेवढ्या मिनिटात घरातल्या यच्चयावत उपकरणांनी २.४ धरलेलं असतं, आणि वर सांगितल्याप्रमाणे धरलं की सोडायचं नाही. संध्याकाळी तुम्ही बघता तेव्हा सगळी मंडळी २.४ वर बसलेली. यात ना राउटर बिघडलेला असतो ना फोन.

यावर दोन उपाय आहेत, दोन्ही करा. राउटरच्या सेटिंगमध्ये ५ गिगाहर्ट्झचं चॅनल 'ऑटो'वरून काढून ३६, ४०, ४४ किंवा ४८ करा. इथे रडारसाठी थांबणं नाही, त्यामुळे दोन्ही बँड जवळजवळ एकदमच उठतात. १४९ ते १६१ ही चॅनलंही चालतात, पण युरोपातून आणलेली काही जुनी उपकरणं ती ऐकतच नाहीत. लंडन किंवा लिस्बनहून आलेला लॅपटॉप घरात असणं आपल्या गोव्यात काही विशेष नाही, म्हणून मी सुरुवात ३६ नं करतो. दाबोळी आणि मुरगाव बंदराच्या आसपास तर मी रडारची चॅनलं वापरतच नाही. तिथे विमानतळही आणि बंदरही. रडारचा नुसता संशय आला तरी राउटर चालू चॅनल सोडून देतो, आणि त्या क्षणी पुन्हा सगळे २.४ वर.

दुसरा उपाय म्हणजे राउटर बंदच पडू न देणं. राउटरसाठी १२ व्होल्टचा छोटा यूपीएस मिळतो. घेताना राउटरच्या अडॅप्टरवर छापलेले व्होल्ट आणि अँपिअर जुळवून घ्या, आणि फायबरचा डबा वेगळा असेल तर त्यालाही त्यावर घ्या. 'आमच्याकडे इन्व्हर्टर आहे' असं बरेच जण सांगतात, तरी राउटर पुन्हा चालू होतच असतो. याचं कारण इन्व्हर्टरच्या मागच्या बाजूला सापडतं. तिथे बहुधा एक छोटं बटण असतं, एका बाजूला 'यूपीएस' आणि दुसऱ्या बाजूला 'इको' किंवा 'नॉर्मल' लिहिलेलं. ते यूपीएसवर नसेल तर लाईट बदलताना क्षणभर खंड पडतो. पंख्याला तो कळतही नाही, राउटर मात्र बंद होऊन परत सुरू होतो.

हे झालं की मोजायला घ्या. न मोजता सेटिंग बदलू नका, कारण मग कशानं काय झालं हे समजत नाही. बहुतेक अँड्रॉइड फोनवर जोडलेल्या वाय-फायच्या नावावर बोट ठेवलं की तपशिलात 'फ्रीक्वेन्सी' दिसते. मॅकवर ऑप्शन कळ दाबून वाय-फायच्या चिन्हावर क्लिक केलं की सिग्नलचा आकडा, चॅनल आणि लिंकचा वेग (उपकरण आणि राउटर यांच्यातला कागदोपत्री वेग) एकत्र दिसतात. विंडोजमध्ये वाय-फायच्या प्रॉपर्टीजमध्ये 'नेटवर्क बँड' आणि लिंक स्पीड लिहिलेले असतात. लिंक स्पीडवरूनही ओळखता येतं: २.४ वर चॅनलच्या २० मेगाहर्ट्झ रुंदीत एका अँटेनाचा फोन ७२ दाखवतो, दोन अँटेनांचा लॅपटॉप १४४. प्रत्यक्षात हाती त्याच्या निम्मं पडतं, म्हणून तुमचे ३०-३५. ५ गिगाहर्ट्झवर ८० मेगाहर्ट्झ रुंदीत, दोन अँटेना आणि 'वाय-फाय ५' या पिढीचं कार्ड असेल तर लिंक ८६६ पर्यंत जाते. तिथे निम्मं मिळालं तरी तुमचे २०० सहज निघतात.

लॅपटॉपच्या यादीत ५ गिगाहर्ट्झचं नावच दिसत नसेल, तर त्याला ते येत नसण्याची शक्यता मोठी आहे. जुन्या स्वस्त लॅपटॉपमध्ये एकाच बँडचं कार्ड असायचं. त्यावर सेटिंगचा उपाय नाही. दोन्ही बँडचं यूएसबी वाय-फाय लावावं लागेल.

आता घर. इथे मी थोडा जास्त वेळ थांबणार आहे, कारण माझ्या अनुभवात दहातल्या सहा घरांत प्रश्न सेटिंगचा नसून राउटरच्या जागेचा असतो. फायबर ओढणारा माणूस विजेच्या खांबावरून केबल आणतो, ओसरीत मीटरशेजारी भोक मिळतं, आणि राउटर तिथेच टांगून जातो. शहरातल्या फ्लॅटमध्ये हे खपून जातं. आपल्या घरांत आतल्या भिंतीसुद्धा हातभर जाडीच्या. चिरा सच्छिद्र असतो, पावसात पाणी पितो, आणि ओली भिंत ५ गिगाहर्ट्झ आणखीच अडवते. म्हणजे पावसाळ्यातल्या तक्रारीला हेही एक कारण जोडलेलं आहे.

गेल्या वर्षी चवथीच्या (गणेश चतुर्थीच्या) आठवडाभर आधी बांदोड्यातल्या एका घरी गेलो होतो. चवथीला तिथे सगळं कुटुंब जमतं, मुंबई-पुण्याहून मुलं येतात, दोघी-तिघी सुटीतही थोडं काम उघडून बसतात. राउटर ओसरीत, मीटरच्या वर, आणि खाली लोखंडी कपाट. फोन घेऊन मी घरभर फिरलो. ओसरीत ५ गिगाहर्ट्झ उणे ४८, २.४ उणे ४२. एक भिंत ओलांडून माजघरात ५ चं उणे ६६ झालं, २.४ चं उणे ५५. स्वयंपाकघरात ५ गिगाहर्ट्झ उणे ८१ आणि २.४ उणे ६६. फरक बघा: सहावरून अकरा, अकरावरून पंधरा. अशा ठिकाणी फोन २.४ धरतो यात त्याची काही चूक नाही. जबरदस्तीनं ५ वर बांधला असता तर कॉल तुटलाच असता.

त्या घराला मध्ये राजांगण होतं, चारी बाजूंच्या खोल्यांची दारं तिकडेच उघडणारी. राउटर तिथे नेला, ओसरीकडच्या दाराच्या वर, सात फुटांवर लाकडी फळीवर, पागोळ्यांपासून चांगला आत. फायबर लांबवायची गरज पडली नाही: फायबरचा डबा ओसरीतच राहू दिला आणि तिथून लॅनची वायर वासे धरून आणली. जुन्या कौलारू घरांत आतल्या भिंती पुष्कळदा नळ्यांपर्यंत (कौलांपर्यंत) पोचत नाहीत, वर हात जाईल एवढी फट असते. वायरही तिथून जाते आणि सिग्नलही. चिऱ्याला भोक पाडायच्या आधी वर नजर टाका. राउटर हलवल्यावर माजघरात ५ गिगाहर्ट्झ उणे ५४ आलं, स्वयंपाकघरात उणे ६५. एकही सेटिंग न बदलता बहुतेक फोन आपणहून ५ वर आले. पुढे माटोळी (गणपतीच्या वर टांगायची फळाफुलांची सजावट) बांधून झाली तेव्हा मी मुद्दाम फोन करून विचारलं. कॉल नीट चालत होते.

तुमच्या घरी राजांगण नसेल तरी तत्त्व तेच: जास्तीत जास्त दारं जिथे उघडतात ती जागा, उंचावर. कपाट, आरसा, फ्रिज आणि पाण्याची टाकी यांपासून दूर.

जागा ठरल्यावर राउटरची सेटिंग्ज. २.४ ची ताकद 'हाय'वरून 'मीडियम' किंवा 'लो' करा. फारसं कोणी हे करत नाही, पण मला सगळ्यांत उपयोगी पडलेली सेटिंग हीच. दोन्ही बँडमधली ६-७ डेसिबलची तफावत यानं भरून निघते आणि फोनच्या नजरेला दोन्ही सारखे दिसतात. सारखे दिसले की बहुतेक फोन ५ गिगाहर्ट्झच घेतात. २.४ ची रुंदी २० मेगाहर्ट्झ ठेवा आणि चॅनल १, ६ किंवा ११. सबंध २.४ चा पट्टाच ८३.५ मेगाहर्ट्झचा आहे आणि त्यात ब्लूटूथ आणि मायक्रोवेव्ह ओव्हनही वावरतात, तिथे ४० ची रुंदी घेणं म्हणजे शेजाऱ्याच्या अंगणात गाडी लावण्यासारखं. ५ च्या बाजूला जागा भरपूर आहे. ऑक्टोबर २०१८ च्या अधिसूचनेनं भारतात ५१५० ते ५३५० आणि ५४७० ते ५८७५ असे मिळून ६०५ मेगाहर्ट्झ विनापरवाना खुले आहेत. तिथे ८० ची रुंदी ठेवा. मात्र लांबच्या खोलीत सिग्नल काठावर येत असेल तर ४० करून बघा. रुंदी निम्मी केली की गोंगाट ३ डेसिबलनं कमी होतो, वेगाचा आकडा घटतो, पण जोडणी टिकते.

दोन्ही बँडचा पासवर्ड आणि सुरक्षेचा प्रकार एकच ठेवा. २.४ वर डब्ल्यूपीए-२ आणि ५ वर फक्त डब्ल्यूपीए-३ असं असेल, तर जुना टीव्ही ५ वर कधीच येणार नाही आणि कारण तुमच्या लक्षातही येणार नाही.

'स्मार्ट कनेक्ट' किंवा 'बँड स्टीअरिंग' नावाची सेटिंग चालू ठेवावी का? ती चालू असली की दोन्ही बँडना एकच नाव मिळतं आणि फोन २.४ वर हाक मारतो तेव्हा राउटर मुद्दाम थोडा वेळ उत्तर देत नाही, म्हणजे तो ५ कडे वळेल. नवे राउटर जोडलेल्या फोनलाही रीतसर विनंती करतात, पण ती मानायची की नाही हे फोनच्या मर्जीवर. चांगल्या राउटरवर हे छान चालतं. कनेक्शनसोबत मिळालेल्या साध्या डब्यांवर मात्र मी ते बरेचदा बंद करतो, कारण त्यांतले काही फोनला इतका वेळ ताटकळत ठेवतात की जोडणीच होत नाही. आठवडाभर चालू ठेवून बघा. तक्रारी आल्या तर बंद.

बंद केल्यावर दोन बँडना दोन नावं द्यायची. समजा 'घर' हे ५ चं आणि 'घर-जुनं' हे २.४ चं. मग प्रत्येक फोन, लॅपटॉप आणि टीव्हीवर २.४ चं नाव 'फर्गेट' करायचं. आयफोनवर बँड निवडायची सोयच नाही, त्यामुळे तिथे हाच एक खात्रीचा मार्ग. तुमच्या घरासाठी मी हेच सुचवेन, निदान जागेवरून न हलणाऱ्या उपकरणांसाठी तरी: टीव्ही, टेबलावरचा लॅपटॉप. घरभर फिरणाऱ्या फोनवर दोन्ही नावं राहू द्या. नाहीतर मागच्या पडवीत गेलात की वाय-फायच जाईल.

विंडोजच्या लॅपटॉपवर आणखी एक सोय आहे. डिव्हाइस मॅनेजर, नेटवर्क अडॅप्टर्स, तुमचं वाय-फाय कार्ड, प्रॉपर्टीज, ॲडव्हान्स्ड. इंटेलच्या कार्डात तिथे 'प्रिफर्ड बँड' असतो, त्यात ५ गिगाहर्ट्झ निवडा. हे प्राधान्य आहे, सक्ती नाही, म्हणून ५ न मिळाल्यास तो २.४ घेतो. अँड्रॉइडच्या जुन्या आवृत्त्यांत असा पर्याय असायचा, पुढे तो गेला. टीव्ही राउटरजवळ असेल तर त्याला वायर लावून मोकळे व्हा. बऱ्याच टीव्हींचं लॅन पोर्ट १०० एमबीपीएसचंच असतं, पण चित्रासाठी ते भरपूर आहे आणि तेवढी हवा बाकीच्यांना मोकळी मिळते.

२.४ पूर्ण बंद करायचा मोह आवरा. स्मार्ट बल्ब, स्वस्त कॅमेरे, सोलर इन्व्हर्टरची माहिती पाठवणारी काठी, बरेच प्रिंटर, यांना ५ गिगाहर्ट्झ ऐकूच येत नाही. बल्ब नवीन जोडताना फोनही थोडा वेळ २.४ च्या नावावर न्या, नाहीतर काही ॲप बल्ब सापडत नाही असं सांगत राहतात. शिवाय लांबच्या खोलीतला क्षीण सिग्नलचा एक फोन ५ वर ओढून आणला की तो स्वतः तर रांगतोच, पण हळू बोलून सगळ्यांचा वेळ खातो. तो २.४ वर राहिला तर बाकीच्यांचं भलंच.

जागा बदलूनही मागच्या खोल्यांत ५ गिगाहर्ट्झ उणे ७० च्या पलीकडेच राहिलं, तर दुसरा ॲक्सेस पॉइंट (वाय-फाय देणारा आणखी एक डबा) हवा, आणि तो वायरीवर. प्लगमध्ये खोचायचा स्वस्त रिपीटर घेऊ नका. एकाच चॅनलवर तो ऐकतो आणि तेच पुन्हा बोलतो, म्हणून वेग अर्धा होतो. मेश संच घेतलात तरी त्याच्या दोन डब्यांमध्ये कॅट-६ वायर टाका, नळ्यांखालच्या फटीतूनच. बिनवायरीच्या मेशला तुमची चिऱ्याची भिंत तितकीच आडवी येते जितकी फोनला येते.

एवढं सगळं झालं की एक परीक्षा घ्या. मेन स्विच बंद करा, दोन मिनिटांनी चालू करा, पाच मिनिटं कोणत्याही फोनला हात लावू नका. मग माजघरात जाऊन वाय-फायच्या तपशिलात 'फ्रीक्वेन्सी' बघा. तिथे ५ गिगाहर्ट्झ दिसलं तर पाऊस कितीही पडू दे. २.४ दिसलं तर चॅनल खरंच ३६ वर राहिलंय का ते आधी तपासा. काही राउटर पुन्हा सुरू होताना ते परत 'ऑटो'वर नेतात.